कावेरीतला वशिंडवाला महाशीर आणि आपली लोणावळ्याची बोटुकली

बंगळुरी_पुणेकर

मंडळी, इथे वर्षभर नुसता वाचनमात्र आहे, पण ही गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या टोळक्याबरोबर भीमेश्वरीकडे गेलो होतो, बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटर, कावेरीच्या काठी. जेवायच्या खोलीत भिंतीवर एक जुना फोटो होता, एक गोरा माणूस गुडघाभर पाण्यात बसलाय आणि त्याच्या दोन्ही हातांत मावत नाही एवढा मासा आहे. पण मासा काही वेगळाच, डोक्याच्या मागून पाठ अशी उंच चढत गेलेली की बैलाचं वशिंडच आठवावं, आणि शेपटीचे पर शेंदरी. दुपारी त्या गोल टोपलीसारख्या होडीत बसलो, तिथे तिला तेप्पा म्हणतात, तर वल्हवणाऱ्या अण्णांना विचारलं की तो फोटोतला मासा अजून आहे का. ते म्हणाले, "वो वाला अब नहीं दिखता सार, अभी नीला वाला है. नीला वाला आपके बॉम्बे साइड से आया."

मी हसलो, म्हटलं चला, मासेसुद्धा बंगळुरूला शिफ्ट झाले आमच्यासारखे. रूमवर येऊन शोधत बसलो आणि रात्री एक वाजेपर्यंत हसू पार गेलं. अण्णा शब्द न् शब्द खरं बोलत होते.

फोटोतला तो हम्पबॅक महाशीर, शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी. फक्त कावेरी आणि तिच्या उपनद्यांत, जगात दुसरीकडे कुठेही नाही. पन्नास किलोच्या वर जाणारा गोड्या पाण्यातला मासा. नोव्हेंबर २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याला क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे अतिसंकटग्रस्त, म्हणून टाकलं, त्याच्या पुढची पायरी म्हणजे जंगलातून नाहीसा. आणि निळा म्हणजे आपला टॉर खुद्री, डेक्कन महाशीर, जो आपल्या लोणावळ्याच्या हॅचरीतून पिल्लं करून करून अख्ख्या देशात वाटला. वाचवण्यासाठीच वाटला. ते वाटणं कावेरीत या मोठ्याच्या मुळावर आलं असं अभ्यासक म्हणतायत.

इथे लोणावळा-मुळशीकडचं कोणी आहे का? आणि मासे कळणारं?

मासेखाऊ_मालवणी

पयलो प्रश्न माझो. खावक कसो लागता?

बंगळुरी_पुणेकर

वाटच बघत होतो तुमची काका :) काटे फार म्हणतात. आणि कृपया, जगात थोडेच उरलेत.

मासेखाऊ_मालवणी

मगे रवांदेत. आमका बांगडो बरो.

मुग्धा_प्राणीशास्त्र

छान विषय. कॉलेजात शिकवते म्हणून थोडी भर घालते, आमचे विद्यार्थी सगळ्याला नुसतं "महासीर" म्हणून मोकळे होतात म्हणूनही.

महाशीर हा एक मासा नाही, टॉर ही जात आहे आणि तिच्यात बऱ्याच प्रजाती. हिमालयातला सोनेरी तो टॉर प्युटिटोरा. आपला तो खुद्री. खुद्रीचं वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये छापलं, नमुना पुण्याजवळचा, त्याने नदीचं नाव लिहिलंय "मोटा मोला" म्हणजे आपली मुळा-मुठा! आज त्या पाण्यात खुद्री सोडाच, चिलापी जगली तरी कौतुक.

आता खरी गंमत. कावेरीतल्या वशिंडवाल्याला शंभर-दीडशे वर्षं गळ टाकणारे ओळखत होते, फोटो होते, वजनांच्या नोंदी होत्या, पण शास्त्रीय नाव धड नव्हतं. बरेच जण त्याला "टॉर मसुल्ला" म्हणायचे. हे मसुल्ला नावसुद्धा साइक्सनेच दिलेलं, तेही आपल्याकडच्याच माशाला, शिरूरला घोडनदीत मिळालेल्या. तो महाशीर नाहीच, वेगळ्या जातीचा, हिप्सेलोबार्बस. म्हणजे घोडनदीच्या माशाचं नाव कावेरीच्या माशाला चिकटलं आणि चिकटून राहिलं. २००७ मध्ये केरळच्या पांबार नदीत, ती पण कावेरीच्याच खोऱ्यात येते, छोटे छोटे मासे मिळाले म्हणून कुरूप आणि राधाकृष्णन यांनी नवीन प्रजात लिहिली, टॉर रेमादेवी, झूलॉजिकल सर्व्हेच्या के. रेमा देवी यांच्या नावावरून. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही की ही त्या पन्नास किलोवाल्याचीच पोरं आहेत. ते २०१८ ला कळलं, मोयार नदीतल्या वशिंडवाल्यांचा डीएनए आणि शरीराची मापं जुळवून बघितल्यावर. एड्रियन पिंडर, राजीव राघवन वगैरे मंडळींचं काम.

आणि नाव का महत्त्वाचं, तर नाव नाही तोवर लाल यादीत नोंद नाही. रेशनकार्डासारखंच आहे. मासा बुडत होता आणि कागद जुळत नव्हते.

गावठी_गळ

मुग्धाताई तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. बाकी एक सांगतो, आमच्या भोर-वेल्ह्याकडं खडशी म्हणायचे याला, महाशीर वगैरे शहरात गेल्यावर कळलं. आजोळी नीरेच्या डोहात बघितलाय मी, ल्हान होतो, खवला एवढाला की त्यावर बहीण नखं ठेवून मोजायची. तो हूक लागला की सरळ तळातल्या खडकांकडं पळतो आन दोर घासून तोडतो, बाकीचे मासे उगा तडफडतात, ह्यो डोकं लावतो. तोंडात दात न्हाईत पण घशात असत्यात, खेकडा फोडून खातो.

पण धागाकर्त्याला इचारतो, दोष पिल्लांचाच कसा? धरणं न्हाईत का तिकडं? वाळू न्हाई का उपसत? उगा लोणावळ्यावर बिल फाडायचं न्हाई राव.

बंगळुरी_पुणेकर

गावठी, बरोबर पकडलंत. एकट्यावर फाडत नाहीये. शिवनसमुद्रला १९०२ पासून वीज काढतात, मग कृष्णराजसागर, मग १९३४ ला मेत्तूर, मग काबिनी. हा मासा पावसाळ्यात वर चढून गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालणारा, त्याला जागोजागी भिंत आडवी आली. वाळूउपसा आहेच. जिलेटिनचे तोटे टाकून मासे मारणं आहे, एका तोट्यात डोहच्या डोह साफ होतो, मोठे-छोटे सगळे. आणि आम्हा बंगळुरूकरांचं सांडपाणी वृषभावतीतून अर्कावतीत आणि अर्कावती संगमाला कावेरीत, ते मी कुठे लपवू. त्यात मेकेदाटूला नवीन धरणाचं घोंगडं कर्नाटक-तमिळनाडूत भिजत पडलंच आहे, झालं तर उरलासुरला चांगला पट्टा पाण्याखाली.

पण मग हे ऐका. गलिबोरे म्हणून गळाच्या शौकिनांचा कॅम्प होता तिथे, पकडा-मोजा-सोडा या तत्त्वावरचा. तिथे १९९८ ते २०१२ रोज वही लिहिली गेली, किती तास गळ टाकला, काय लागलं, किती किलो. एकूण २३,६२० तास आणि ६,१६१ महाशीर. सगळ्यात मोठा ४६.८ किलो. शास्त्रज्ञांनी ती वही उलगडली तर चित्र काय, मासे संख्येने वाढत गेलेले, पण सरासरी वजन घसरत गेलेलं. वरवर बघितलं तर म्हणाल वा वा, नदी बहरली. प्रत्यक्षात वाढत होता तो निळ्या परांचा, आणि शेंदरी शेपटीवाले फक्त म्हातारे, मोठे तेवढे लागत होते, बारकी पिल्लं दिसेनाशी. म्हणजे घरात आजी-आजोबा आहेत आणि पाळणा हलायचा बंद झालाय.

धरण तर दोघांनाही सारखंच होतं ना. मग एक वाढतो आणि एकच का संपतो?

गावठी_गळ

हां. ह्ये पटलं थोडं.

वळवणचा_नातू

धागा वाचून हात शिवशिवले. माझे आजोबा लोणावळ्याला तलावावर माशांच्या कामाला होते. त्यामुळे बाजू घेणारच, आधीच सांगतो.

टाटांच्या वळवणच्या तलावावर ७० च्या दशकात हे काम उभं राहिलं. राज्याच्या मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्यात मोठा हात, नंतर ओगले साहेब. तेव्हा खुद्री खरंच संपत आला होता हे लक्षात घ्या. कृत्रिम रीतीने महाशीर करता येतो हेच लोकांना खरं वाटत नव्हतं.

लहानपणी सुट्टी नसताना पण जुलै-ऑगस्टात आईबरोबर जायचो. लोणावळ्याचा पाऊस माहीतच आहे. ओढे तलावाला मिळतात तिथे नर-मादी धरायचे, मादीला ओल्या फडक्यात धरून पोटावरून अंगठा हलका खाली आणायचा की अंडी भांड्यात पडायची, पिवळसर, जोंधळ्याएवढी. त्यावर नराचं दूध पिळायचं आणि पिसाने ढवळायचं, बोटाने नाही, बोटाने ढवळलं की आजोबा ओरडायचे. मग ट्रे, वरून सारखं पाणी. तीन-चार दिवसांत फुटायची. फुटलेली पिल्लं उजेडाला घाबरून सगळी ट्रेच्या एका कोपऱ्यात डोकी खुपसून ढीग करायची, मला वाटायचं मेली, आजोबा कोपऱ्यावर हाताची सावली धरून म्हणायचे बघ, कशी झोपलीत. मग जिरे, मग बोटाएवढी झाली की बोटुकली, मग ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या. पिशवी कानाशी धरली की आत टपटप वाजायचं. कुठे चाललीत विचारलं की ठरलेलं उत्तर, "मासा जिथे नाही तिथे."

तर मला सांगा, त्या माणसांनी काय चुकीचं केलं? खुद्री २०१० च्या सुमारास एन्डेंजर्ड होता, आता लीस्ट कन्सर्नमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी काळजीच्या गटात आलाय. असे किती मासे दाखवाल की जे यादीत वर चढले?

मुग्धा_प्राणीशास्त्र

नातू, फार सुंदर लिहिलंय. कोपऱ्यातल्या ढिगाचं मी उद्या वर्गात सांगणार, परवानगी गृहीत धरते.

आजोबांचं काही चुकलं नाही. त्या काळी "महाशीर तो महाशीर" हीच समजूत होती, शास्त्रज्ञांची सुद्धा, म्हणून कावेरीला खुद्री देणं म्हणजे दान वाटलं. पण तुमच्या आजोबांच्याच वाक्यात मेख आहे बघा. कावेरीत "मासा नाही" असं नव्हतंच. होता. स्वतःचा होता. खुद्री कृष्णा खोऱ्यातला, तिथे पाहुणा. पाहुणा चिवट, काहीही खातो, बिघडलेल्या पाण्यातही पिल्लं काढतो असं दिसतंय, आणि दरवर्षी हॅचरीतून नवीन कुमक. वशिंडवाला मोठा व्हायला वर्षं घेणार, मोजकी अंडी घालणार. शिवाय दोघांचा संकर होण्याची धास्ती आहेच. टाटांनाच का बोला, नंतर कोडगूत हारंगीला सरकारी हॅचरी झाली, तिथूनही खुद्री सोडला. गळाच्या शौकिनांच्या संस्थांनीही सोडला. सगळ्यांनी प्रेमाने सोडला.

वळवणचा_नातू

"प्रेमाने सोडला" हे वाचून गप्प बसलो जरा.

सह्यभटक्या

आमच्याकडे पण सोडतातच की, कोणाचा वाढदिवस असला की नेते धरणावर जातात, पिशवी उलटी करतात, फोटो. रोहू-कटला सोडतात, ते तरी कुठे सह्याद्रीतले. आणि कुठला मासा कुठे गेला याची वही कोण ठेवतं?

अवांतर : महाशीर बघायचाच असेल तर महाडजवळ वाळणकोंडला जा. काळ नदीचा डोह, झुलता पूल, देवीचे मासे म्हणून कोणी गळ टाकत नाही. वरून कुरमुरे टाकले की काळं पाणी एकदम उकळल्यासारखं होतं. देहूला इंद्रायणीत पण होते म्हणतात, आता इंद्रायणीचा फेस बघितला की विचारायचीही लाज वाटते.

टवाळ_टग्या

हे सगळं ठीक पण माणसं उपाशी आणि तुम्ही माशांच्या जातीवर भांडताय, आता माशांत पण परप्रांतीय-भूमिपुत्र

संपादक

वरच्या प्रतिसादाखालची राजकीय उपचर्चा उडवली आहे. विषयाला धरून बोला.

मैसूर_सून

मी सांगलीची, लग्न होऊन मैसूरला आले त्याला एकवीस वर्षं झाली. आमच्या घरी मासे खात नाहीत पण सासरे गोष्टी फार सांगायचे. कन्नडात याला बिळि मीनु म्हणतात, पांढरा मासा. मैसूरच्या व्हान इंगेन कुटुंबाचं नाव ऐकलं असेल, राजेरजवाड्यांचे वाघ पेंढा भरून देणारे, त्यातल्या एकाने १९४६ ला काबिनीत १२० पौंडाचा धरला होता, म्हणजे चौपन्न किलो. तोच विक्रम मानतात. सासरे म्हणायचे माणसाएवढा होता, मला वाटायचं फेकतायत.

पुढे सगळ्यांना वाटलं संपला. मग १९७७ ला तीन इंग्रज गळ घेऊन आले आणि त्यांना परत मिळाला, तिथून ते कॅम्प वगैरे सुरू झाले. रागीचे म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे लावायचे गळाला, इकडे जेवायला "मुद्दे" करतो तसेच. नदीवर आधी चोरून मारणारेच पुढे त्या गोऱ्या लोकांचे वाटाडे झाले, कारण जिवंत माशाचे पैसे जास्त मिळायला लागले. पुढे अभयारण्यात गळ टाकणं बंद झालं, वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून.

आता यात कोणाचं बरोबर मला कळत नाही. माशाच्या तोंडात हूक घालून फोटो काढून सोडायचं हा काय खेळ झाला, असं एक मन म्हणतं. पण कॅम्प बंद झाले तशी रात्री नदीवर असणारी माणसंही गेली.

गावठी_गळ

वहिनी शंभर टक्के. गळवाला डोहाची राखण करतो, त्याला उद्या परत यायचं असतंय. आन बंगळुरीसाहेब ज्या वहीवर एवढं बोलले ती वही पण गळवाल्यांनीच लिवली. बंदी आल्यावर कोण मोजणार?

मुग्धा_प्राणीशास्त्र

मान्य. ही वही नसती तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण गावठी, पन्नास उरले असतील तर त्यातल्या म्हातारीला दर आठवड्याला ओढून बाहेर काढणंही परवडणारं नाही. आता गळ नको, नोंदी हव्यात असं माझं मत.

बंगळुरी_पुणेकर

आता एक भाबडा प्रश्न. खुद्री जमला तर हाच वशिंडवाला हॅचरीत का नाही करत? नातूंच्या आजोबांची युक्ती आहेच.

वळवणचा_नातू

मलाही हेच विचारायचं होतं.

मुग्धा_प्राणीशास्त्र

करता येईलही, पण नर-मादी आणायचे कुठून? मोयार ही त्यांची उरलेली भरवशाची जागा, नीलगिरी आणि मैसूरच्या पठारामधली खोल घळ, मुदुमलैपासून भवानीसागरपर्यंत. वाघ-हत्तींचं रान म्हणून माणूस फारसा जात नाही, म्हणूनच मासा राहिला. तिथून पाच-सहा जोड्या उचलल्या तर मूळ घरच रिकामं करायची भीती. आणि एका जोडीपासून हजारो बोटुकली काढली तर ती सगळी सख्खी भावंडं, पुढे त्यांचीच आपसात लग्नं. वर ती सोडायची कुठे? जिथे निळा भरलाय त्याच पाण्यात? आधी खुद्री सोडणं पूर्ण थांबवा, वाहतं पाणी राहू द्या, तोटे बंद करा, मग हॅचरी. उलट क्रमाने केलं की परत पिशवी उलटी करून फोटो.

आणि हो, लीस्ट कन्सर्न झाला म्हणून खुद्रीवाल्यांनी पण पेढे वाटू नयेत. तलावात ढिगाने आहे, पण मुळा-मुठेत, जिथला तो मूळचा, तिथे कुठे आहे?

मासेखाऊ_मालवणी

मी चेष्टेन सुरू केलंय पण सगळो धागो वाचलंय. आमच्याकडे नदीत पयले खवळ्यांचे मासे येयत, आता मळ्यात सुद्धा मांगूर. कोणी हाडल्यान काय म्हायत नाय.

वळवणचा_नातू

काल आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, आजोबांना शेवटी शेवटी कोणीतरी साहेबांनी सांगितलं होतं की कर्नाटकात आपला मासा फार वाढलाय. ते खूश झाले होते. आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

बंगळुरी_पुणेकर

काय बोलू.

मैसूर_सून

धागा वर काढतेय. रविवारी नवऱ्याला घेऊन रामनाथपुरला जाऊन आले, हासन जिल्ह्यात, कावेरीवरच देवळाचा घाट आहे आणि तिथे मासे मारत नाहीत. मुग्धाताईंनी शेपटीचा रंग बघा म्हणून सांगितलं होतं, शेंदरी का निळसर. दहा रुपयांचे कडलेपुरी, म्हणजे कुरमुरे, घेतले आणि पायरीवर बसले. आले की, ढिगाने आले, एकमेकांच्या पाठीवर चढत होते, तोंडं अशी गोल उघडी. पण पाणी गढूळ, शेपट्या खालीच. एकच मोठा बाजूने सावकाश फिरत होता, खाण्यात घुसला नाही. पाठ दिसली मला, उंच होती. नवरा म्हणतो तुला हवं ते दिसतंय. मोबाईल काढेपर्यंत खाली गेला, मग अर्धा तास बसलो, पुडी संपली.

मुग्धा_प्राणीशास्त्र

अगं फोटो! पाठीचा अर्धामुर्धा आला असेल तरी टाक.

मैसूर_सून

पाण्याचा आलाय नुसता. टाकू का?

गावठी_गळ

टाका वहिनी. झूम करून बघतो.